उत्तरायणानंतर मी इन्स्टाग्रामवर नसेन

उत्तरायण झालं की मी माझं इन्स्टाग्रामचं खातं बंद करणार आहे. चार दिवस सुट्टी म्हणून नाही, कायमचं. ज्यांनी फोनवर विचारलं त्यांना कामाच्या गडबडीत तुटक उत्तरं दिली गेली, आणि काहींचा समज झाला की मी अक्षरं काढायचं कामच थांबवतेय. तसं अजिबात नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

वेळ मुद्दाम ही निवडली. बडोद्यात कमुरता लागला, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, की गुजराती घरांतली लग्नं थांबतात आणि पत्रिकांची घाई ओसरते. छापखान्यांचे फोन कमी होतात. बिलबुक उघडून वर्षभरात काय केलं हे बघायला माझ्यासारखीला हेच दिवस मिळतात.

मी अक्षरं काढते. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या, गणपती मंडळांचे फलक, कधी एखाद्या फरसाणवाल्याच्या पुड्यावरचं नाव. देवनागरी आणि गुजराती, दोन्ही. नोकरी कधी केली नाही; बिलं माझी मीच फाडते आणि पैशांसाठी फोनही मीच करते. बडोद्यातल्या मराठी घरांत पत्रिका बरेचदा दोन लिपींत लागते, व्याही गुजराती असले तर नक्कीच. एका पानावर शिरोरेषेला लटकलेली अक्षरं, समोरच्या पानावर शिरोरेषा नसलेली, मोकळी; आणि दोन्ही पानं एकाच हाताची वाटली पाहिजेत. ही जुळणी बसवायला जो वेळ लागतो, त्याचेच मी पैसे घेते. बाकी कोरल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीचा तयार फाँट टाकून रावपुऱ्यातला कुठलाही डीटीपीवाला थोड्या वेळात पत्रिका काढून देतो, आणि चांगली काढून देतो.

इन्स्टाग्रामवर मी २०१४ मध्ये गेले. फाइन आर्ट्सची फॅकल्टी सोडून फार वर्षं झाली नव्हती आणि बरोबरचे सगळे मुंबई, पुणे, बंगलोर असे पांगले होते. कोण काय करतंय हे बघायची ती चांगली जागा होती. ज्या क्रमाने लोक टाकत त्याच क्रमाने दिसत असे. रात्री कोणी नवं अक्षर टाकलं की सकाळी चहाबरोबर ते बघायचं, ‘ख जरा अडखळतोय’ असं लिहायचं, दुपारपर्यंत त्याचा सुधारलेला ख यायचा. त्या देवाणघेवाणीने माझा हात घडला, हे मी कायम मानेन.

पुढे ती जागा बदलत गेली, आणि त्यात काही चोरून झालं नाही. २०१२ मध्येच फेसबुकने सुमारे १ अब्ज डॉलरला ती घेतली होती. २०१६ पासून पोस्ट कोणत्या क्रमाने दिसायच्या ते संगणकाचं गणित, म्हणजे अल्गोरिदम, ठरवू लागलं. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इथे रील्स सुरू झाले. पुढच्या वर्षी इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जाहीरच सांगितलं की हे आता फोटोंचं ॲप राहिलेलं नाही. त्यांनी त्यांचा रस्ता सांगितला. प्रश्न माझा होता, की तो माझाही रस्ता आहे का. स्थिर कागदावरचं स्थिर अक्षर हेच ज्याचं काम, त्याने रोज हलतं काहीतरी का दाखवावं?

व्हिडिओ काढणं मला जमत नव्हतं असं नाही. माझे काही व्हिडिओ खूप बघितले गेले. पण ते काढताना काय होतं ते सांगते. देवनागरीचा बोरू इंग्रजीच्या टाकापेक्षा उलट्या बाजूने तिरका तासावा लागतो, आणि तो कागदावर ठरावीक कोनातच धरावा लागतो, तेव्हा कुठे जाड-बारीक रेषा आपल्या जागी पडतात. वर फोन टांगला की हात त्याच्या आड येतो. आड येऊ नये म्हणून मनगट बाहेर काढायचं, मनगट बाहेर काढलं की टोकाचा कोन फिरतो. बघणाऱ्याला कळत नाही. मला कळतं, कारण कागदावर ‘स’चं पोट हलकं पडलेलं असतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे मी कोणते शब्द निवडत होते. जुन्या वह्या काढून बघितल्या तेव्हा ते स्पष्ट दिसलं. पूर्वीच्या वह्यांत ओव्या होत्या, पत्ते होते, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘अगत्य येण्याचे करावे’पर्यंत पूर्ण पत्रिका होत्या, बारीक अक्षरांत, ओळीखाली ओळ. अलीकडच्या वह्यांत ‘नाद’, ‘वारा’, ‘ऊन’. दोन अक्षरांचे शब्द, पान भरून. फोनच्या पडद्यावर दोन अक्षरं उठून दिसतात. बारा ओळींचा मजकूर दिसत नाही, बोटाने मोठा करून बघावा लागतो, आणि तेवढं थांबणारं माणूस विरळा. आता माझा धंदा बघा. कोणाच्या घरी दोन अक्षरांची पत्रिका नसते. तिथे आजोबांचं नाव असतं, कुलदैवत असतं, गोरज मुहूर्त असतो, मंगल कार्यालयाचा पत्ता असतो, आणि ‘ज्ञानेश्वर’ व ‘कृष्णाबाई’ एकाच ओळीत बसवायचे असतात. पहिल्या नावात ज्ञ रुंद, वर एक मात्रा. दुसऱ्यात कृ खाली उतरतो. त्यांच्यामधली जागा डोळ्याने तोलावी लागते. ही तालीम रोजची असली तरच हातात राहते. माझा सराव एका बाजूला चालला होता आणि पोटाचं काम दुसऱ्या बाजूला. हे अंतर मला चालणार नाही, हेच माझं मुख्य कारण. बाकीची कारणं त्यानंतरची.

बिलबुकानेही तेच सांगितलं. मी प्रत्येक बिलामागे पेन्सिलीने लिहिलं: हे गिऱ्हाईक आलं कुठून? बहुतेकांची वाट कोणत्या तरी छापखान्याकडे किंवा आधीच्या एखाद्या पत्रिकेकडे जाते. कोणाच्या तरी मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका कपाटात जपून ठेवलेली असते, ती घेऊनच मंडळी येतात आणि म्हणतात, ‘अशी.’ मुखपृष्ठाची कामं पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून येतात, तीही जुन्या ओळखीतून. इन्स्टाग्रामवरून आलेली कामं आहेतच. टोरांटोच्या एका मराठी कुटुंबाची पत्रिका तिथूनच आली. ते काम करताना मला फार समाधान मिळालं आणि पैसेही वेळेवर मिळाले. असं काम पुढे कदाचित हुकेल. ते धरूनच मी ठरवलंय. एक फरक मात्र नोंदवण्यासारखा आहे. ज्यांनी पत्रिका हातात धरून बघितलेली असते, ते अख्खी पत्रिका माझ्याकडून काढून घेतात. ज्यांनी पडद्यावर बघितलेलं असतं, त्यांना वधूवरांची दोन नावं मोठ्या अक्षरांत हवी असतात आणि खालचा मजकूर फाँटमध्ये चालतो. चालतो म्हणजे त्यांना चालतो. मला ती पत्रिका अर्धी वाटते.

ज्या छापखान्याशी माझं सर्वांत जास्त काम असतं तिथल्या काकांना आधी सांगितलं. ते काळजीत पडले. ‘बेन, इन्स्टा बंद करशो तो नवा घराक क्यांथी आवशे?’ म्हणजे नवं गिऱ्हाईक येणार कुठून? मी म्हटलं, ‘काका, तुमच्याच काउंटरवरून.’ आणि मग तिथल्या तिथे ठरलं. पत्रिका छापणाऱ्या प्रत्येक दुकानात नमुन्यांचे जाडजूड आल्बम असतात, सोनेरी, लेझर कटिंगचे, मखमलीचे. त्यांच्या शेजारी माझी एक पातळ नमुनावही राहील: खऱ्या कागदावर छापलेल्या, खऱ्या मापाच्या पत्रिका, मराठी, गुजराती आणि दोन्ही मिळून. काकांचं कमिशन ठरलं. अर्धे पैसे आगाऊ, मजकूर एकदा पक्का झाल्यावर बदल नाही, हा माझा नियम त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर छापायला सांगितला. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं; लग्नाच्या आदल्या आठवड्यात कोणाचे तरी काका यादीतून राहिलेत म्हणून किती पत्रिका रद्दीत गेल्या, हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा, कारण तरुण मुलं तोच विचारतात. २०२३ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, जाहीर सांगितलं की फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्ट त्यांच्या एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या आहेत. पुढच्या वर्षी युरोपातल्या लोकांना हरकत नोंदवायचा अर्ज मिळाला, तिथल्या कायद्याचा तो धाक. आपल्याकडे तसा अर्ज मिळाला नाही. माझी अक्षरं बघून कोणी शिकावं याला माझी ना नाही. मी स्वतः पाट्यांवरून शिकले. मांडवीजवळ पाट्या रंगवणारे एक वयस्कर पेंटर होते. खडूची दोरी ताणून फटकन रेघ कशी पाडायची, एनॅमलमध्ये टर्पेंटाइन किती घालायचं, उभ्या दांड्याला ब्रश कुठे उचलायचा, हे त्यांनी मला दुकानाच्या फळीवर उभं करून शिकवलं. मी विचारलं म्हणून शिकवलं. विचारणं आणि सांगणं यात जे माणूसपण आहे ते मला सोडायचं नाही. खातं पुसल्याने आधी वापरलं गेलेलं परत येत नाही, हे मला माहीत आहे. यापुढचं तरी मी विचारल्याशिवाय कोणाला देणार नाही.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्या मनातलं सर्वांत मोठं काम सांगते. बरीच वर्षं मी जुन्या शहरातल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढतेय. मांडवी, मंगळबाजार, न्यायमंदिराच्या मागच्या गल्ल्या, चांपानेर दरवाजा, दांडिया बाजार. शिंपी, तपकीरवाले, तांब्या-पितळेची दुकानं, आखाडे, भजनी मंडळं, खानावळी. बहुतेक गुजराती, अधूनमधून मराठी, काही दोन्ही लिपींत. दर पावसाळ्यानंतर त्यातल्या काही उतरतात आणि तिथे फ्लेक्स किंवा एलईडीची पाटी येते. हे सगळे फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकत आले, आणि तिथे ते टाकल्याच्या तारखेने एकाखाली एक पडून आहेत. एका गल्लीतल्या सगळ्या पाट्या एकत्र बघायच्या तर सोय नाही. मला तर अक्षरावरून शोधता यायला हवं. पाकळीचा ल कुठे आहे आणि दंडाचा कुठे. देठाचा श कोणी काढलाय. एकाच पेंटरने गुजराती ‘ल’ आणि मराठी ‘ल’ शेजारी शेजारी काढताना वळण कसं सांभाळलं. बडोद्याच्या मराठी पाट्यांची ही खरी गंमत आहे, गुजराती वळणाचा हात देवनागरीत उतरलेला दिसतो. ‘ख’च्या आणि ‘झ’च्या वळणात तर फारच. पुण्यातल्या पाट्यांवर हे मिळणार नाही, अहमदाबादेतही नाही. याची गल्लीवार आणि अक्षरवार सूची मी आता माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर लावतेय. हे काम कोणाच्या पसंतीवर अवलंबून नाही. ते व्हायला पाहिजे, आणि ते करायला मी इथे आहे.

वेबसाइट भाच्याने उभी करून दिली. साधी आहे, मराठीत आहे, आणि मोबाइलवर नीट उघडते. तो कामाला बसला असतानाच म्हणाला, ‘मावशी, मग व्हॉट्सॲपचं काय? तेही त्यांचंच ना?’ बरोबर आहे त्याचं, २०१४ पासून त्यांचंच आहे. व्हॉट्सॲप मी ठेवणार. मजकूर त्यावरच येतो, प्रूफ त्यावरच जातं, आणि छापखाने दुसऱ्या कशावर बोलतच नाहीत. तिथे कोणी काम सांगितलं तरच मी काही पाठवते. कोणाच्या तरी नजरेत राहण्यासाठी रोज नवं काढावं लागत नाही. माझा आक्षेप कंपनीच्या नावाला नाही, त्या रोजच्या ओढीला आहे. भाच्याला हे पूर्ण पटलेलं नाही. त्याचं काम त्याने चोख केलं.

खातं बंद करताना काय काय करावं लागतं तेही लिहिते, कारण माझ्यासारखं काम करणाऱ्या कोणाला उपयोगी पडेल. आधी आपली सगळी माहिती उतरवून घ्यावी. सेटिंगमध्ये तशी सोय आहे, मागणी केल्यावर फाइल तयार होऊन येते. पण त्यात आलेल्या चित्रांवर छपाईसाठी विसंबू नका. माझी बहुतेक चित्रं १०८० पिक्सेल रुंदीची आली. छपाईच्या ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, हिशेब केला तर ती कागदावर जेमतेम ९ सेंटीमीटर होतात. मूळ स्कॅन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत ना, हे आधी बघा. संदेशांत गिऱ्हाइकांची नावं, तारखा, पत्ते असतात. हवे ते उतरवून घ्या, बाकी पुसा. कायमचं बंद करा म्हटल्यावर ३० दिवसांची मुदत असते, त्यात पुन्हा आत गेलात तर मागणी रद्द होते. सगळी माहिती त्यांच्याकडून निघायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. आणि आपलं सोडलेलं नाव पुढे दुसरं कोणी घेऊ शकतं, म्हणून ज्यांच्याशी व्यवहार आहे त्या सगळ्यांना मी आधीच लेखी कळवलंय की यापुढे तिथे माझ्या नावाने कोणी दिसलं तर ती मी नाही.

जीव गुंतलाय तो एकाच ठिकाणी. नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडची काही मुलं मला तिथेच भेटली. ‘ताई, ऱ्य काढताना अर्धा र कुठून सुरू करायचा?’ असं रात्री उशिरा विचारणारी. त्यांच्यातल्या काहींच्या जवळपास शिकवणारं कोणी नाही. मला फी देऊन शिकणारी नव्हेत ती, पण त्यांची प्रगती मी मनापासून बघत आलेय, आणि त्यांना मध्येच सोडणं मला शक्य नाही. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला. बहुतेकांनी पत्ता दिला. त्यांनी आपल्या सरावाचे कागद स्कॅन करून ईमेलवर पाठवायचे, मी त्यावर लाल पेन्सिलीने दुरुस्त्या करून परत पाठवणार. सावकाश होईल. अक्षराच्या शिक्षणाला सावकाशीच लागते. व्हिडिओच्या खाली दोन ओळीत ‘मनगट सैल ठेव’ लिहिण्यापेक्षा त्याच्या कागदावर नेमकी कुठे रेष तुटली ते दाखवणं मला जास्त योग्य वाटतं.

बडोद्यात राहणाऱ्यांसाठी वेगळा बेत आहे. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी भेटायचं. कधी पाट्या बघत मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत चालायचं, कधी तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघायची. ती चित्रं पुस्तकात बघितली तर काहीच कळत नाही. खोलीत उभं राहिलं की कळतं, की रंगवणाऱ्याने दारांच्या, कोनाड्यांच्या, कमानींच्या मधली जागा कशी वापरलीय, रेषा कुठे आवरली आणि कुठे सोडली. पत्रिकेच्या चौकटीत मजकूर बसवणाऱ्याला यातून खूप शिकता येतं. आणखी एक ठिकाण म्हणजे सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून १९१० मध्ये ती सुरू केली. तिथे पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची आहे, उजेड खालपर्यंत उतरतो. जुन्या मराठी पुस्तकांची शीर्षकपानं मी तिथे बसून उतरवून घेते. खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या शिशाच्या ठशांची, जुनी अक्षरं छापलेल्या मापातच बघायला हवीत, शाई कुठे पसरली आणि कुठे कोरडी पडली त्यासकट.

लोकांच्या नजरेतून जाशील, असं बहीण म्हणते. आईलाही थोडं तसंच वाटतं. तिच्या भिशीतल्या बायका माझं काम तिथे बघून तिला सांगायच्या आणि तिला ते आवडायचं. तिच्यासाठी मी नमुनावहीची एक जादा प्रत बांधून घेतलीय, भिशीला घेऊन जायला.

वेबसाइटवर नवं काम महिन्यातून एकदा चढेल. त्याच सुमारास एक पत्रही जाईल, ईमेलवर, आणि ज्यांना कागदावर हवं त्यांना टपालाने. त्यात जाहिरात नसेल. एखादं अक्षर, एखादी पाटी, एखादी अडचण आणि ती कशी सोडवली, एवढंच. पहिलं पत्र जोडाक्षरांवर आहे: ज्ञ, क्ष, ष्ण आणि ऱ्ह. मजकूर लिहून झालाय. चित्रं अजून काढायची आहेत, त्यातलं ऱ्ह मनासारखं जमेपर्यंत पत्र थांबेल, पण फेब्रुवारीत नक्की निघेल.